टोपर्त्सर मास्तरांची चढाई

लुबित्साच्या लुथरपंथी शाळेचे मास्तर एलियास टोपर्त्सर यांना डोंगराची भीती वाटत असे. तात्रा पर्वताचे सुळके दारातच उभे असल्यावर माणूस एकतर त्यांच्यावर चढतो, नाहीतर त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसतो. मास्तर दुसऱ्या पंथातले. अंगानं भरलेले, गळ्यानं गोड. आठवडाभर पोरांकडून लॅटिन घोकून घ्यायचं आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, हा त्यांचा शिरस्ता. ऑर्गनच्या माडीवर चढताना ते डोळे गच्च मिटून कठडा धरत. लोकांना वाटे, मास्तर मनात प्रार्थना म्हणताहेत. खरं म्हणजे त्यांना गरगरत असे.

आणि हाच माणूस अर्ध्या युरोपात तात्राचा गरुड म्हणून ओळखला जात होता.

ते असं झालं. तरुणपणी मास्तर धर्मशास्त्र शिकायला जर्मनीत येनाला होते, तेव्हा त्यांच्या खोलीत नेस्लर नावाचा एक जण राहायचा. पुढे तो व्हिएन्नात औषधांचं दुकान काढून बसला आणि त्याला वनस्पतींचं वेड लागलं. त्यानं लिहिलं, ‘तू नशीबवान. तात्राच्या पायथ्याशी राहतोस. इथे सगळे उंचावरच्या झाडपाल्यासाठी हपापलेत. काहीतरी पाठव.’ मास्तरांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. ते गुरुवारी केझमारोकच्या बाजारात गेले. तिथे बार्बोरा नावाची म्हातारी पोटदुखीच्या आणि बाळंतिणीच्या पाल्याच्या जुड्या विकायला बसायची. मास्तरांनी टोपलीभर जुड्या घेतल्या.

“हे कुठलं गं?” त्यांनी विचारलं.

म्हातारीनं हनुवटीनं डोंगर दाखवला. “वरनं.”

घरी येऊन मास्तरांनी जुड्या सोडल्या, एकेक रोप टिपकागदात पसरलं, त्यावर लॅटिनचा शब्दकोश ठेवला आणि शब्दकोशावर आंबवलेल्या कोबीच्या पिंपातला दगड. रोपं वाळली, पण प्रत्येकासोबत चिठ्ठी हवी, कुठे सापडलं त्याची. ‘वरनं’ हे काही लॅटिनमध्ये शोभेना. मास्तरांनी लिहिलं, ‘लोमनित्सा शिखराच्या उत्तर कड्यावर, हिमरेषेच्या किंचित खाली.’ हे खोटं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. कड्याचं नाव तेवढं त्यांनी घातलं. म्हातारीला विचारलं असतं तर तिनंही कदाचित तेच सांगितलं असतं.

नेस्लर हरखला. त्यानं परतीच्या टपालानं समुद्रकाठच्या खारट गवतांचं पुडकं धाडलं. आता त्याचं काय करायचं? एका स्वीडिश पाद्र्याला नेमकी तीच हवी होती. पाद्र्यानं बदल्यात लॅपलंडचं शेवाळ पाठवलं. ते अर्धं व्हिएन्नाला गेलं, अर्धं पादुआला. पादुआहून सिसिलीचे निवडुंग आले, तर ते बघून क्राकोवचा एक डॉक्टर वेडा झाला. अशा रीतीनं मास्तरांनी खुर्चीतून न उठता उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि शेळ्या बरोबर मुक्कामाला पोचत गेल्या.

एवढ्यावर ते नुसते दलाल ठरले असते. त्यांचं नाव झालं ते पत्रांमुळे. मास्तरांना लिहिण्याचं अंग होतं. पहिल्या वर्षी ते नुसते कड्याखाली उभे राहिले. पुढच्या वर्षी कड्यावर. त्यानंतर हिमाचा लोंढा त्यांच्या बाजूनं गेला, आणि एका ऑगस्टमध्ये ते एका हातानं खुरट्या देवदाराला लटकलेले असताना, दुसऱ्या हातात पाषाणभेदाचं इवलंसं फूल असताना, गरुडानं त्यांची टोपी नेली. ते पत्र न्यूरेंबर्गच्या एका मासिकात छापून आलं. बर्लिनच्या एका प्राध्यापकानं ते वर्गात वाचून दाखवलं म्हणतात.

“गरुडानं नेली?” रेगीनाबाई म्हणाल्या. त्या मास्तरांच्या पत्नी. त्यांना लॅटिन येत नव्हतं, पण मास्तर जेवताना भाषांतर करून सांगत. “अहो, त्या टोपीच्या मी सपाता शिवल्या. पायात काय आहे तुमच्या?”

मास्तरांनी पायाकडे बघितलं नाही. “शास्त्रात वाचकाला जरा गोडी लावावी लागते, रेगीना.”

मग सन्मानपत्रं येऊ लागली. या मंडळाचे पत्रव्यवहारी सभासद, त्या परिषदेचे मानद सभासद. जाड चर्मपत्रावर सोनेरी अक्षरं, खाली लाखेची ताटलीएवढी मोहोर. दिवाणखान्याची एक भिंत भरली. रेगीनाबाई रोज त्यांच्यावरची धूळ पुसत आणि म्हणत, चामडं मात्र चांगलं आहे.

या सगळ्या पत्रमित्रांत शिरोमणी म्हणजे लेबरेख्ट विन्त्सिंगर. सॅक्सनीतल्या एका टीचभर संस्थानात ते राजेसाहेबांचे सल्लागार होते. राजेसाहेबांना सल्ला नको असल्यामुळे यांना सवड भरपूर. ‘मध्य युरोपातील पर्वतीय वनस्पती’ या महाग्रंथाचा पहिला भाग त्यांनी काढला होता आणि त्यात पानोपानी टोपर्त्सरांचा दाखला होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पत्रांचा मायना मात्र दरवर्षी वाढत होता. आधी ‘मान्यवर महोदय’, मग ‘विद्वद्वर्य’, मग ‘विद्वच्छिरोमणी, निसर्गदेवतेचे लाडके पुत्र, उत्तुंग शिखरांचे निर्भय यात्रिक’. शेवटीशेवटी पहिलं पान मायन्यातच संपायचं, आणि पत्राचा टपालखर्च घेणाऱ्यानं भरायचा असल्यामुळे हे सगळं कौतुक रेगीनाबाईंच्या अंड्यांच्या पैशातून व्हायचं.

नेपोलियनची युद्धं संपून रस्ते सुरक्षित झाले, आणि घात झाला. जूनमध्ये विन्त्सिंगरांचं पत्र आलं. मायना नेहमीसारखाच लांब होता, म्हणून मास्तर निर्धास्त वाचत गेले. दुसऱ्या पानावर त्यांचा हात थांबला.

“काय झालं? कुणी गेलं का?” रेगीनाबाई पीठ चाळत होत्या.

“विन्त्सिंगर येताहेत.”

“येऊ देत की. हंस कापू.”

“डोंगर चढायला येताहेत. माझ्याबरोबर. जिथे टोपी गेली त्या जागी त्यांना उभं राहायचंय.”

रेगीनाबाईंनी चाळण खाली ठेवली, बाकावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग एप्रनच्या टोकानं तोंड पुसलं. “बरं झालं. तिकडे स्वीडनमधल्या लोकांनी पाहिलंय, घरच्या बायकोनंच तेवढं पाहिलं नव्हतं.”

“मी आजारी आहे असं सांग त्यांना.”

“मी नाही खोटं बोलायची. तुम्ही लिहून कळवा. ते तुम्हाला जमतं.”

पण कळवायचं कुठे? पाहुणे ब्रेस्लाऊ सोडून निघाले होते. मास्तरांनी मग सवय करायची ठरवली. गावामागच्या टेकडीवर जिथे धोबिणी कपडे वाळत घालतात, तिथवर ते तीन सकाळी गेले. चौथ्या सकाळी वाटेत गावाचा वळू बसला होता. मास्तरांनी त्याला उठवणं प्रशस्त मानलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाहुण्यांची गाडी आली. अख्खं लुबित्सा रस्त्यावर होतं. गाडीतून आधी एक वायुभारमापक उतरला, कातडी पिशवीत, तान्ह्या मुलासारखा जपून. मग लोखंडी टोकाची काठी, मग खिळे मारलेले बूट, ज्यांचे खिळे दुकानातल्यासारखे चकाकत होते. शेवटी स्वतः सल्लागारसाहेब. बारीक, पिवळसर, नाकावर चष्मा. गाडीची पायरी उतरताना त्यांनी गाडीवानाच्या खांद्याला घट्ट धरलं, पायानं चाचपलं आणि डोळे मिटून घेतले. मास्तरांना ते कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण कुठे ते आठवेना. माणसानं स्वतःला बाहेरून कधी पाहिलेलं नसतं.

दोघांनी मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दोघं जेवायला बसले आणि लक्षात आलं की बोलायला काही नाही.

“प्रवास?” मास्तर म्हणाले.

“ठीक झाला.”

“हवा?”

“बरी होती.”

मास्तरांनी लॅटिनमध्ये प्रयत्न केला. पण सॅक्सनीचं लॅटिन वेगळं आणि लुबित्साचं वेगळं. प्रत्येकाला वाटलं, समोरच्याचे उच्चार अगदीच गावंढळ आहेत, इतका मोठा विद्वान आणि हे काय. हंस संपला. सल्लागारसाहेब थकलोय म्हणून माडीवर गेले.

थोड्या वेळानं रेगीनाबाई जिन्यावरून आल्या, हातात घडी करून लाख लावलेला कागद. “तुमच्या पाहुण्यांनी दिलाय. शाई मागितली, मी दिली. मला वाटलं घरी लिहिताहेत.”

मास्तरांनी मोहोर फोडली. ‘विद्वच्छिरोमणी, निसर्गदेवतेचे लाडके पुत्र...’ त्यांचा चेहरा उजळला. हाच तो विन्त्सिंगर. हंसाच्या चवीबद्दल त्यात किती सुरेख लिहिलं होतं. जेवताना त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मास्तरांनी तिथल्या तिथे दोन पानी उत्तर लिहिलं. रेगीनाबाई वर गेल्या. उत्तराचं उत्तर घेऊन खाली आल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एकाच घरात, एकाच छपराखाली, दोन विद्वान टपालानं बोलत होते.

“मी काय टपालाची घोडी आहे?” चौथ्या दिवशी त्या जिन्यातच बसल्या. “मधे एक जिना आहे फक्त. तोंडानं बोलायला काय होतं?”

“तोंडानं बोललेलं पुन्हा वाचता येत नाही,” मास्तर म्हणाले.

चढाईचा विषय कुणीच काढत नव्हतं. पहिल्या दिवशी साहेबांचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांना एका बारशाला ऑर्गन वाजवायचा होता. त्यानंतर साहेब रोज सकाळी वायुभारमापकावर बोटानं टिचकी मारत आणि वादळाच्या आशेनं बघत. डोंगरवाटेचा जाणता म्हणून ओन्द्रो कुबान याला ठरवलं होतं. तो रोज येऊन स्वयंपाकघरात बसे आणि रेगीनाबाईंची जुनिपरची दारू कमी करे.

“हवा आरशासारखी आहे, मास्तर,” तो म्हणायचा.

“उतरतोय,” साहेब यंत्राकडे बघत म्हणायचे.

ओन्द्रो खिडकीतून वर बघायचा. “काय उतरतंय? कोण?”

शेवटी गावाचाच धीर सुटला. नगरप्रमुख फाइक्स दारात आले आणि त्यांनी आनंदाची बातमी दिली: रविवारी प्रार्थनेनंतर वाजंत्रीसकट दोन्ही महापुरुषांना गाववेशीपर्यंत पोचवायचं ठरलं आहे. खाणकामगारांचं पथक आपल्या पिसांच्या टोप्या घालून येणार. मास्तर “वा वा” म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

शनिवारी दुपारी ते लिहायला बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर मायना न घालता लिहिलं, ‘मी कधीच वर गेलो नाही. रोपं बाजारातून आणली. टोपीच्या सपाता झाल्या आहेत.’ लाख लावून रेगीनाबाईंकडे दिलं.

त्यांनी कागद हातात तोलला. “हे खरं लिहिलंय वाटतं.”

“तुला कसं कळलं?”

“लहान आहे.” आणि आज जिन्यावरून कुरकुर न करता त्या वर गेल्या.

मास्तर खाली बसून राहिले. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग फेऱ्या घातल्याचा. मास्तरांना वाटलं, आता साहेब सामान बांधतील, भिंतीवरची सगळी चामडी खाली येतील, आणि गंमत म्हणजे त्यांना हलकं वाटू लागलं. त्यांनी बाकावर बोटांनी स्तोत्राची एक चाल वाजवली.

उत्तर आलं ते चार पानांचं. ‘उत्तुंग शिखरांचे निर्भय यात्रिक! आपला विनय पाहून डोळे पाणावले. थोर पुरुष स्वतःच्या पराक्रमाबद्दल असंच बोलतात. परंतु माझ्या ग्रंथाचा दुसरा भाग छापखान्यात आहे आणि त्यात आपल्या चढाईवर एक संपूर्ण प्रकरण आहे. आपण वर गेला आहात. माझ्याकडे आपल्याच हस्ताक्षरातली पत्रं आहेत. स्मरणशक्ती वयानुसार धोका देते, लेखी पुरावा देत नाही. उद्याबद्दल म्हणाल तर, आल्प्समधल्या माझ्या चढायांपासून डावा गुडघा तक्रार करतो. एखाद्या मेंढपाळाच्या खोपटापर्यंत गेलो आणि तिथून ती जागा पाहिली, तरी शास्त्राचं समाधान होईल.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. आल्प्सच्या ओळीवर दुसऱ्यांदा थांबले, आणि गाडीच्या पायरीवर मिटलेले डोळे त्यांना आठवले. तेही खुर्चीवरूनच चढले होते तर. मास्तर हसले. पण हसू फार टिकलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाला खरं सांगितलं होतं, आणि ते साभार परत आलं होतं.

“काय म्हणताहेत?” रेगीनाबाईंनी विचारलं.

“म्हणताहेत, मी वर गेलो होतो.”

“मग झालं. हंस आता उरला नाही, उद्या कोंबडी देते बांधून.”

रविवारी ढोल वाजले, पिसं हलली, नगरप्रमुखांनी भाषण केलं. वेशीबाहेर वळण आल्याबरोबर दोघं ओन्द्रोच्या बैलगाडीत बसले आणि जंगलातून मेंढपाळांच्या खोपटाशी जाऊन उतरले. तिथे ते तीन दिवस राहिले. साहेब डोंगराकडे पाठ करून बसत, मास्तर साहेबांकडे तोंड करून, म्हणजे त्यांना डोंगर बघावाच लागे. मेंढीच्या चीजमध्ये लोळवलेले बटाट्याचे गोळे खात, ताक पीत. साहेबांनी दोन पत्रं लिहून मुख्य मेंढपाळाच्या हाती बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाठवली. तिसऱ्या पत्राला तो म्हणाला, “साहेब, मला मेंढ्या आहेत.”

परत आले तेव्हा गावानं पुन्हा वाजंत्री लावली. साहेब सॅक्सनीला गेले, आणि वर्षभरात ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्यांचा लेख आला, ‘आमची लोमनित्सावरील चढाई’. त्यात वादळ होतं, कोसळती दरड होती, आणि आपल्या प्राणांची पर्वा न करता साहेबांचा पाय धरून ठेवणारे टोपर्त्सर होते. आता नुसत्या पत्रांचा प्रश्न उरला नाही. चढाई ग्रंथात गेली होती.

त्यानंतर दर उन्हाळ्यात बर्लिनचे, वॉर्साचे तरुण पाठीवर रोपं ठेवायचे पत्र्याचे डबे अडकवून लुबित्साला येऊ लागले. मास्तर त्यांना दारातच आशीर्वाद देत आणि गुडघा चोळत. तरुण ओन्द्रोकडे जात. ओन्द्रोनं हिरव्या तळ्याकाठी एक खडक ठरवून टाकला होता: इथूनच गरुडानं टोपी नेली. त्यावर लोकांनी आपापली नावं कोरली. खडकाला लोक ‘टोपर्त्सरचा खडक’ म्हणू लागले. ओन्द्रोनं नवं छप्पर घातलं.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी रेगीनाबाई एका सकाळी म्हणाल्या, “अहो, तो तुमचा खडक एकदा बघून येऊ.”

“आता या वयात?”

“मग केव्हा? अख्खी दुनिया बघून गेली. मी मेल्यावर वर विचारतील, नवऱ्याचा खडक कसा होता, तर काय सांगू?”

मास्तरांना नाही म्हणता आलं नाही. ओन्द्रो पुढे, त्याचा कमरपट्टा धरून डोळे मिटलेले मास्तर मागे, आणि रेगीनाबाई दोघांच्याही पुढे, परकर खोचून. वाटेत मास्तर दोनदा बसले आणि एकदा घर विकून इथेच राहू म्हणाले. संध्याकाळी खोपटात झोपले, दुसऱ्या दिवशी तळ्याशी पोचले. धुकं इतकं होतं की तळं दिसेना. नुसता पाण्याचा वास येत होता. खडक ओला आणि नावांनी खरवडलेला. लोमनित्सा कुठल्या बाजूला आहे हेही कळेना. मास्तरांचे मोजे भिजले. तिघांनी उकडलेली अंडी खाल्ली.

खडकाच्या चिरेत पाषाणभेद होता. फुलायचे दिवस सरले होते. नुसती पानांची राखट गाठोडी, कडांवर चुन्याचे ठिपके. मास्तरांनी असली शेकडो रोपं वाळवली होती. दगडात रुतलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते उपटायला बोटं घातली. ते निघेना. त्यांनी जरा जोर लावला, मग सोडून दिलं.

“घ्या की,” रेगीनाबाई म्हणाल्या. “एवढे आलात.”

“राहू दे. कोबीचा दगड ओलाच असेल.”

घरी येऊन पडशातून उठल्यावर मास्तरांनी न्यूरेंबर्गच्या मासिकाला एक पत्र लिहिलं, एकाच पानाचं. धुकं होतं. शिखर दिसलं नाही. पाषाणभेद पाहिला, फुलावर नव्हता, खडकाला फार घट्ट धरून होता. माझी पत्नी माझ्या आधी पोचली. एक प्रत विन्त्सिंगरांना धाडली.

मासिकानं पत्र परत पाठवलं. सोबत सभ्य चिठ्ठी होती: ‘श्री. टोपर्त्सर, आपल्या पूर्वीच्या विश्वसनीय लेखनाशी ताडून पाहता हा वृत्तांत असंभाव्य वाटतो. लेखक स्वतः कधी तेथे गेला असेल असं दिसत नाही. कुणी आपल्या नावाचा गैरवापर करत असल्यास कळवावे.’ विन्त्सिंगरांचं पत्र महिन्याभरानं आलं. मायना दोनच शब्दांचा. वयाबद्दल सहानुभूती, आणि तब्येतीला जपा म्हणून एका झऱ्याच्या पाण्याची शिफारस.

मास्तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी रेगीनाबाईंनी ताट समोर ठेवलं आणि बसल्या. “मी होते ना तिथे? ओन्द्रो होता.”

“तुम्ही कुठल्या मंडळाचे सभासद नाही.”

“नसू. पण मोजे मी वाळवले.”

मास्तरांनी चमचा उचलला. पुढे त्यांची पत्रं विरळ होत गेली. स्वीडनचा पाद्री वारला, पादुआहून पुडकी यायची बंद झाली. ग्रंथाचा तिसरा भाग आला, त्यात एका तळटीपेत होतं की तात्राच्या माहितीबाबत टोपर्त्सर यांच्या तरुणपणीच्या लेखनावर विसंबावं, उतारवयातल्या लेखनावर नव्हे. मास्तरांनी ते जेवताना भाषांतर करून मोठ्यानं वाचून दाखवलं. रेगीनाबाई म्हणाल्या, खरंच आहे, उतारवयात तुम्हाला गोडी लावता येईना. मग त्यांनी विचारलं की पुढच्या महिन्यात धुकं नसेल तर पुन्हा जायचं का, कारण तळं पाहायचं राहिलंच होतं. मास्तर म्हणाले, ओन्द्रोला विचारून बघतो.